सुंदर बंदराच्या चार ओळी

११ जुलै

निवृत्त माणसाला काम नसतं, असा आमच्या वाडीचा ठाम समज आहे. सकाळपासून तिघं येऊन गेले. एकाला ग्रामपंचायतीला अर्ज लिहून हवा होता. एकाला पुतणीच्या लग्नाची पत्रिका तपासून हवी होती. मी सात चुका काढल्या तर म्हणतो, छापून झालीय, तुम्ही फक्त बघा. मग मला कशाला दाखवलीस रे बाबा, आरती ओवाळू?

तिसरा पास्कू मेस्त. हा खाडीवरचा होड्या बांधणारा सुतार, सत्तरी ओलांडलेला. आमची ‘सातेरी प्रसाद’ त्याच्याच हातची. होडी माझ्या आणि धाकट्या भावाच्या, बाबलीच्या नावावर आहे. बाबली तांडेल, म्हणजे होडी चालवणारा; दर्यात तीच त्याची आणि तोच तिचा. मी कागदापुरता मालक. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, मला बोटीत बसलं की अजून मळमळतं.

“मास्तर, चार वळी लिवन व्हयेत,” पास्कू म्हणाला.

“कसल्यो?”

“एका नावाचो अर्थ. सुंदर बंदर.”

त्यांच्या पवित्र शास्त्रात एका प्रवासाची गोष्ट आहे. कैद्यांना रोमला घेऊन निघालेलं तारू उलट्या वाऱ्याशी झगडत एका बेटाच्या आडोशाला येऊन टेकतं. त्या जागेचं नाव सुंदर बंदर. चॅपेलच्या नव्या भिंतीवर फादर त्या तारवाचं चित्र काढून घेणार आहेत, आणि खाली त्या नावाचा अर्थ चार ओळींत. पंधरा ऑगस्टच्या फेस्ताआधी, म्हणजे चॅपेलच्या सणाआधी. काम पास्कूकडे आलं कारण तो होड्या बांधतो, आणि पास्कूकडून माझ्याकडे आलं कारण मी रिकामा.

“सुंदर म्हणजे सुंदर, बंदर म्हणजे बंदर. झालां. चार वळी कित्याक?”

“मूळ नाव ग्रीक आसा म्हणता फादर. तेच्यात आणखी कायतरी आसात.”

ग्रीक! जिल्ह्यात मराठी धड लिहिणारे दहा उरले नाहीत आणि यांना ग्रीक हवं. हो म्हणालो. नाही म्हणता येत नाही हा माझा जुना आजार आहे, असं मी म्हटलं तेव्हा माझी बायको सावित्री चुलीपाशी हसली. का हसली ते सांगितलं नाही.

१४ जुलै

फादरना फोन केला. रेंजसाठी छत्री धरून विहिरीपाशी उभं राहावं लागतं. फादर तरुण आहेत आणि अतिशय नम्र, त्यामुळे चिडताही येत नाही.

मूळ शब्द ‘कालोई लिमेनेस’. लिमेनेस म्हणजे बंदरं. एक नव्हे, अनेक. एकमेकांजवळ दोनतीन आडोसे असावेत. आणि कालोई म्हणजे सुंदर, चांगली, योग्य, उत्तम.

“यातलं एक काहीतरी सांगा.”

“सर, त्यांच्याकडे ते एकच आहे.”

म्हणजे जे दिसायला छान तेच कामाला चांगलं, असं ग्रीक लोक धरून चालत होते. त्यांची लग्नं जुळवणारं कोणी नव्हतं वाटतं. पास्कूला हे सांगायला त्याच्या मांडवात गेलो. तो ‘सातेरी प्रसाद’च्या फळ्यांमधल्या फटींत कापूस आणि राळ ठासत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बायलेक आमी साजरी म्हणतंव, वखदाक बरां म्हणतंव. बंदराक काय म्हणूचा, मास्तर?”

“ताच तर इचारतंय!”

“मगे तां बायलेसारखा काय वखदासारखा, तां बघूक व्हया,” असं म्हणून पुन्हा ठोकायला लागला. बाई की औषध! या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

१९ जुलै

आज बाबलीशी वाजलं. म्हणजे मी वाजलो, तो गप्प होता.

मासेमारीची बंदी एकतीस जुलैला उठते. सरकारच्या लेखी एक ऑगस्टपासून दर्या मोकळा. पण आमच्या वाडीत नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. एरवी आठपंधरा दिवसांचा फरक असतो, कोणाचं काही जात नाही. यंदा अधिक महिन्यामुळे पौर्णिमा गेलीय तीस ऑगस्टला. म्हणजे महिनाभर आमची होडी नारळाच्या झापांखाली आणि बाहेरचे ट्रॉलर आमच्या नाकासमोरून सुंगटं, म्हणजे कोळंबी, भरून नेणार.

“बाबली, बंदी उठली काय दोन-तीन तारखेक जावया.”

“पुनव होवंदे.”

“पुनव तीस तारखेक आसा रे!”

“मगे तीस तारखेक.”

भिंतीशी बोललो असतो तर पापुद्रा तरी पडला असता.

सुंगटांचं मला काही नाही. खरी गोष्ट इथे लिहितो, कारण इथे मला कोणी उलट बोलत नाही. खरी गोष्ट किरण. किरण बाबलीचा मुलगा, चोवीस वर्षांचा. चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून सावित्रीने वाढवला. आम्हाला मूल नाही. मला तो आप्पा म्हणतो. त्याच्या वर्गातला एकजण परदेशी जहाजावर नोकरीला लागलाय, आणि त्या एजंटचा नंबर मी किरणच्या मोबाइलमध्ये बघितला. महिनाभर रिकामा बसला तर हा पण जाईल. दर्यात गेला, पहिलं जाळं भरून आलं, की राहील. बाबलीला हे कळायला नको? स्वतःचा मुलगा आहे. पण बाप म्हणून कसली घाई नाही त्याला. घाई सगळी मलाच.

२१ जुलै

पाऊस. बाबलीला पुन्हा सांगितलं. “बघूया” म्हणाला. आमच्या घरात ‘बघूया’ म्हणजे नाही.

२४ जुलै

किरण काल पणजीला जाऊन आला. मित्राला डोळे तपासायचे होते म्हणे. मित्राच्या डोळ्यांना हा कशाला? पण तरुण पोरांचं असंच. आला तो दंडाला कापूस चिकटवून. “आप्पा, रक्तदान शिबिर होता.” मी शाबासकी दिली. त्याने मान खाली घातली; आपल्या चांगल्या कामाची लाज वाटावी इतका सरळ पोरगा आहे.

सावित्री कुळथाचं पीठ सहा दुहेरी पिशव्यांत भरतेय, तोंडं मेणबत्तीवर चिकटवून. कोणासाठी? तर वेंगुर्ल्याला तिची भाची भक्ती असते, तिच्यासाठी. भक्तीच्या दाराशी गिरणी आहे. मी हे दाखवून दिलं तर म्हणते, “तुमी तुमच्या ग्रीकात बघा.”

२६ जुलै

पास्कूने शास्त्रातलं ते पान मराठीत आणून दिलं. आता गंमत बघा. सुंदर बंदर म्हणून ज्याचं नाव, ते हिवाळ्यात थांबायला गैरसोयीचं होतं, असं दोनचार वाक्यांतच लिहिलंय! नाव सुंदर आणि राहायची सोय नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या अर्ध्या रिसॉर्टांचं हेच आहे. फादरना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, वारा एका बाजूने आला तर आडोसा, दुसऱ्या बाजूने आला तर उघडं. “मग नाव खोटं आहे असं लिहू?” “सर, फेस्त आहे,” ते म्हणाले.

पुढची गोष्ट मात्र मला फार लागली. तारवावरच्या कैद्यांत सां पावलू, म्हणजे संत पौल, असतो. तो सांगतो, पुढे जाऊ नका, नुकसान होईल. पण पहाऱ्याचा अधिकारी तांडेलाचं आणि तारवाच्या धन्याचं ऐकतो. शहाणं बोलणारा एकच, आणि त्याचं कोणी ऐकत नाही, कारण तो ना खलाशी ना मालक. हे वाचून माझे डोळे भरून आले. हुबेहूब मी! या घरात हिताचं बोलणारा मी एकटा, आणि माझं ऐकतं कोण?

सावित्रीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तो जावा नका म्हणत होतो मां?”

“हो.”

“आणि तुमी?”

बायकांना गोष्टीतला मुद्दा कळत नाही. पीठ सांडलं तिचं.

२९ जुलै

अखेर बाबली बोलला. भात कालवता कालवता, माझ्याकडे न बघता. “देवीन कौल दिल्यान तर जातंय.”

आमच्याकडे कौल असा लावतात: देवीच्या मूर्तीवर उजवी-डावीकडे ओल्या कळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालून सवाल विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर होकार. मी शिकलेला माणूस, माझा यावर विश्वास नाही. पण बाबलीचा आहे, आणि मला बाबलीला हलवायचंय.

नेहमीचा सवाल ठरलेला असतो: पुनवेआधी होडी लोटायची काय नको. पण छत्तीस वर्षं प्रश्नपत्रिका काढल्यात मी. उत्तर प्रश्नात असतं. संध्याकाळी गुरवाकडे गेलो आणि चिठ्ठीवर सवाल लिहून दिला: ‘होडयेरची पाचय माणसां सुखरूप घराक येतीत काय?’ देवी आपल्या लेकरांना नाही कशी म्हणेल? गुरव चिठ्ठीकडे बघत राहिला. “मास्तर, सवाल बाबलीन घालूचो आसता.” म्हटलं, मी मोठा भाऊ आहे, चालतं.

डावी कळी पडली तर गप्प बसेन, असं मनाशी ठरवलंय. हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

३१ जुलै

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळे “व्हय म्हाराजा” म्हणालो, त्याने सवाल विचारला. थोडा वेळ काहीच नाही. गाभाऱ्यात पाणी ठिबकत होतं. मग उजवी कळी पडली.

मी बाबलीकडे बघितलं. तो कळीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मग हात जोडून म्हणाला, “बरां, दादा. तीन तारखेक लोटूया.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा या घरात माझं ऐकलं गेलं.

१ ऑगस्ट

पास्कू घरी आला. चार ओळींसाठी आला असं मला वाटलं, त्या झालेल्या नाहीत, म्हणून मीच आधी ओरडलो. तो ओट्यावर बसला. कोरा चहा घेतला.

“मास्तर, पुनवेपर्यंत रवा.”

“कौल झालो आसा.”

“देवीचा माका ठावक नाय. मी क्रिस्तांव. पन होडयेचा ठावक आसा.”

“तू काठावरचो सुतार. दर्यातला तुका काय कळता?”

“दर्यातला कायच कळना नाय,” तो म्हणाला. “पन फुटलेल्यो होडयो माझ्याकडेच येतत मां? दर्यात खंयची फुटना नाय. खाडीच्या तोंडार फुटतत. पावसात तोंडार रेव साचता. पुनवेपर्यंत पानी ती ओढून नेता. म्हणान आजे-पणजे पुनवेक जायत. नारळ मगे ठेवलो.”

मी म्हटलं, हवामान खात्याचा इशारा नाही, वारा नाही, सरकारची परवानगी आहे, देवीची आहे. आता तुझी एक उरली होती. तो उठला. जाताना होडीवरून हात फिरवून गेला. म्हाताऱ्यांना काहीतरी अपशकुनी बोलल्याशिवाय घास उतरत नाही.

३ ऑगस्ट

होडी गेली. पहाटे साडेपाचला, भरतीवर. बाबली, किरण आणि तीन खलाशी. दक्षिणेकडून इतका गोड वारा होता की मलाही बसावंसं वाटलं. किरण वर चढताना मागे वळला आणि उतरून माझ्या पाया पडला. मी म्हटलं, अरे, दुपारी येतोस ना! तो हसला. सावित्री कधी नव्हे ती काठावर आली होती आणि पदर तोंडाला लावून उभी होती. मी तिला म्हटलं, शुभ वेळेला हे काय?

होडीने खाडीचं तोंड सहज ओलांडलं. पास्कूला हे सांगायला हवं. आता घरी येऊन लिहितोय. दहा वाजलेत, ऊन पडलंय, महिनाभराने डोकं शांत आहे. चार ओळी आज होतील असं वाटतं.

५ ऑगस्ट

परवा अकराच्या सुमाराला पश्चिमेकडून अंधारून आलं. वारा एकदम फिरला. मी छत्री न घेता काठावर धावलो. अर्धी वाडी तिथेच होती. होडी परतत होती, दिसत होती. बाहेर ती ठीक होती. मोठ्या लाटेवर चढायची, उतरायची, बाबली तिला नीट आणत होता. मग तोंडाशी आली आणि थांबली. नुसती थांबली, कोणी हात धरल्यासारखी. रेतीत रुतली होती. मागून लाट आली आणि ती आडवी झाली. दुसऱ्या लाटेला आवाज आला. तो आवाज मी लिहू शकत नाही.

माणसं पाण्यात पडली. मी मोजत होतो. जोरात मोजत होतो, असं नंतर लोकांनी सांगितलं. एक फळीला धरून आला, दोघे जाळ्याच्या तरंगत्या बोयांना धरून. मग बराच वेळ कोणी नाही. मी “किरण, किरण” असं ओरडत कमरेएवढ्या पाण्यात गेलो, मला दोघांनी मागे ओढलं. पोहता येत नाही मला. मच्छीमाराचा मुलगा, आणि पोहता येत नाही.

मग किरण आला. बाबलीच्या सदऱ्याची कॉलर दातात धरून. बाबलीचा खांदा निखळला होता.

पाच. पाचही सुखरूप. देवीने जे विचारलं त्याचं बरोबर उत्तर दिलं होतं. होडीबद्दल तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मी आधी देवीवर चिडलो. मग गुरवावर, की त्याने मला अडवायला हवं होतं. हवामान खात्यावर. या तासाला चिडायला कोणी उरलेलं नाही.

९ ऑगस्ट

बाबलीचा खांदा बसवला, गळ्यात झोळी आहे. मला एक शब्द बोललेला नाही. जेवताना विचारतो, “दादा, आमटी व्हयी?” शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी कितीदा बोलायला तोंड उघडलं, पण चिठ्ठीचं सांगायला जमत नाही. 

भरतीबरोबर फळ्या वाहून येतायत. पास्कू रोज जाऊन गोळा करतो. आज मी पण गेलो. त्याच्या हातच्या फळ्या, तो एकेक उलटून बघत होता. वाटलं, आता म्हणेल, मी सांगितलं होतं. मी तयार होतो. तो म्हणाला, “सागवान बरां होता. ह्या अजून चालात.”

मग दोघे रेतीत बसलो. मला काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून मी नावाचा विषय काढला. म्हटलं, ते बंदर थांबायलाही धड नव्हतं, तर त्याला चांगलं कोण म्हणालं? कोण गाढव?

पास्कूने हातातली फळी खाली ठेवली. “मास्तर, बंदराक नाव काठार बसललो दिना नाय. तेका तां सदाचाच. जो वाऱ्यातसून भितर येता, तो नाव दिता. त्या दिसा तुमचो बाबली रेतयेर येवन पडलो मां? तेका ही रेत कशी दिसली आसात?”

मी समोर बघितलं. चिखल, शेवाळ, कोणी टाकलेल्या बाटल्या, आमच्या होडीचा मोडलेला कणा. त्या दुपारी बाबली याच जागी पालथा पडला होता आणि दोन्ही मुठींनी रेती धरून होता. सोडवायला बोटं उघडावी लागली. मी तेव्हा तिथेच उभा होतो, मी हे बघितलं होतं.

१४ ऑगस्ट

चार ओळी दिल्या. उतरवून ठेवतो:

‘मूळ ग्रीक नावाचा अर्थ चांगली बंदरे.
हे नाव काठावरच्यांनी दिलेले नसावे. वाऱ्यातून आत आलेल्यांनी दिले असावे.
त्यांना ते चांगले वाटले, आणि ते खरे होते.
तिथून पुढे कधी निघावे, हे मात्र नाव सांगत नाही.’

फादरनी फोन केला, शेवटची ओळ फेस्तासाठी जरा जड आहे का म्हणाले. मी म्हटलं, काढा हवी तर. वाद घातला नाही. ते इतके घाबरले की त्यांनी तब्येतीची चौकशी केली.

बाकी त्या गोष्टीतला तारवाचा धनी पुढे दिसत नाही. सगळी माणसं वाचली, तारू फुटलं, असं पुढे लिहिलंय. धन्याचं काय झालं, त्याला काय वाटलं, एक अक्षर नाही. मी पान तीनदा वाचलं. आणि मी स्वतःला कैदी समजत होतो!

२१ ऑगस्ट

“सत्तावीस तारखेक किरण जाता,” सावित्रीने सांगितलं. कपडे वाळत घालता घालता.

“खंय?”

“मुंबयेक. थयसून जहाजार.”

होडी फुटली म्हणून ना, असं मी विचारलं. ती पटकन “हां” म्हणाली. फार पटकन. रात्री किरणला जवळ बसवलं, म्हटलं, पास्कू आहे, फळ्या आहेत, वर्षभरात दुसरी बांधू. तो माझे पाय चेपत राहिला. “आप्पा, मी येयन परत,” एवढंच. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. तो चेपतच राहिला.

२७ ऑगस्ट

किरण गेला. सकाळच्या गाडीने. कुळथाच्या पिठाच्या सहाही पिशव्या त्याच्या बॅगेत होत्या.

२८ ऑगस्ट

ते पीठ जुलैत भरलं होतं.

दिवसभर हे एकच वाक्य डोक्यात. मग मागची पानं उलटली. पणजी. डोळे. दंडावरचा कापूस. जहाजावर घेण्याआधीची डॉक्टरी तपासणी ती. माझ्याच अक्षरात सगळं लिहिलंय. पाचवीतल्या पोरानेही ओळखलं असतं. सावित्रीला विचारलं नाही. तिने मला स्वयंपाकघराच्या दारात उभं बघितलं आणि ती रडायला लागली, त्यात सगळं आलं.

३० ऑगस्ट

आज पौर्णिमा. वाजतगाजत नारळ निघाला. ज्यांच्या होड्या आहेत ते पुढे. बाबली झोळीतला हात सांभाळत सगळ्यांच्या मागे, दुसऱ्या हातात नारळ. होडी नसलेल्या माणसाने नारळ देण्याची पद्धत नाही, पण त्याला कोणी काही बोललं नाही. मी त्याच्या बाजूने चाललो. लाट पायाला लागली तेव्हा त्याने नारळ सोडला. लोक परतले. आम्ही दोघे उरलो.

“बाबली,” मी म्हटलं, “कौलाचो सवाल माझो होतो. मी लिवन दिललंय.”

“माका ठावक आसा. गुरवान त्याच सांजेक चिठी दाखवल्यान.”

“कौल लावच्या आधी?”

“व्हय.”

“मगे गेलंस कित्याक?”

त्याने खांद्याची झोळी सारखी केली. “तू सांगलंस म्हणान.”

 मी तिथेच ओल्या रेतीत बसलो. त्याला म्हटलं, “किरण रवात म्हणान मी तुका धाडलंय. आणि तो जाव्यचोच होतो. जुलयेतच ठरलेला.”

“जूनात,” बाबली म्हणाला. तोही बसला. “जूनात ठरला. माका, वयनीक, सगळ्यांका ठावक होता.”

“आणि माका कोणीच सांगूक नाय?”

तो खूप वेळ गप्प राहिला. त्याच्या गप्प राहण्याचा मला साठ वर्षं राग येत आलाय. आज पहिल्यांदा मी थांबलो.

“तुका सांगूचा कोणी, दादा? तू ऐकान घेतंस खंय? किरण तीनदा तुझ्या खोलयेच्या दारात जावन परत इलो. तू जीव टाकून बसललंस. म्हटलां, एकदा झिलाक घेवन दर्यात जावन येवया, तुझां मन रवात. मगे हळूच सांगूया.” मग म्हणाला, “होडी गेली ती जावंदे. पन तुका भितंव आमी. तां वायट.”

तो रागाने बोलला नाही. वारा, पाऊस याबद्दल बोलावं तसं बोलला.

घरी आलो. सावित्रीला म्हटलं, किरणला फोन लाव. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग लावला, आणि मी विहिरीपाशी गेलो. तो मुंबईत कंपनीच्या खोलीवर आहे, जहाज परवा. माझा आवाज ऐकून म्हणाला, “आप्पा, बरो आसय मी. मस्त आसा हय. जेवण बरां आसा. तुमी काळजी करू नका.” भराभर, सगळं पाठ केल्यासारखं.

मी काही बोललो नाही. काय बोलायचं ते सगळं जिभेवर होतं, छत्तीस वर्षांचं. मी विहिरीचा कठडा धरून उभा राहिलो. तिकडे तोही गप्प झाला. मला वाटलं, रेंज गेली.

“आप्पा?” तो म्हणाला. आवाज वेगळा होता, लहानपणीचा. “आप्पा, माका खूप भय दिसता.”

“सांग,” मी म्हटलं.